न आलेल्या पैशाची पट्टी

२०२५ च्या सप्टेंबरात साखऱ्याला गेलो, तेव्हा पाऊस थांबायचे नाव घेत नव्हता. सोयाबीन शेतात भिजत होते, हळदीच्या सऱ्यांतून पाणी वाहत होते. सेनगाव तालुक्यातले हे आमचे भावकीचे गाव. माझे थोरले चुलतभाऊ, आमचे दादा, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होऊन इथेच राहिले आणि २०२३ च्या सुरुवातीला गेले. चहा झाल्यावर वहिनींनी प्लास्टिकची एक पिशवी पुढे ठेवली. विवरणपत्र भरायची मुदत वाढून महिन्याच्या मध्यावर आली होती. पिशवीत म्युच्युअल फंडाची पत्रके होती आणि आयकर खात्याच्या वार्षिक माहितीपत्रकाची छापील प्रत. त्यात त्यांच्या नावापुढे लिहिले होते : लाभांश, ५०,००० रुपये.

वहिनी म्हणाल्या, "भावजी, मी तर यातला एक रुपया हातात घेतला नाही. बँकेच्या पासबुकात पाहा. मग ही कमाई कुणाची?"

प्रश्न साधा होता आणि बरोबरही होता. मी वकील नाही, सनदी लेखापालही नाही. मराठवाड्यातल्या जुन्या चोपड्या आणि त्यांतली हिशेबाची भाषा हा माझा गेल्या अनेक वर्षांचा नाद. तरी या प्रश्नाचे उत्तर मला एकदा स्वतःचे पैसे घालवून शिकावे लागले होते. ते वहिनींना जसे सांगितले, तसेच इथे सांगतो.

एक पैसा, दोन नोंदी

दादांनी २०१९ च्या फेब्रुवारीत, निवृत्तीच्या पैशातून, पाच लाख रुपये एका शेअर-प्रधान फंडात घातले होते. अर्जावर तीन चौकटी असतात. पहिली वाढीची, म्हणजे ग्रोथ : फंडाला झालेला फायदा आतच राहतो आणि युनिटचा भाव वाढत जातो. दुसरी, वाटप हातात घेण्याची. तिसरी, वाटप जाहीर व्हावे पण त्याच पैशाची त्याच फंडातली नवी युनिट्स घ्यावीत, अशी. तिला पुनर्गुंतवणूक म्हणतात. दादांनी तिसऱ्या चौकटीत खूण केली होती. पैसे हातात आले की खर्च होतात, हे त्यांचे नेहमीचे म्हणणे.

आपल्याकडे हळद काढली की शेतकरी त्यातलेच निवडक गड्डे पुढच्या लागवडीला बेणे म्हणून ठेवतो. ते मोंढ्यावर जात नाहीत, काट्यावर चढत नाहीत, त्यांची पट्टी होत नाही. दादांची समजूत अशीच होती की पुनर्गुंतवणूक म्हणजे घरचे बेणे. कायदा मात्र तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहतो. कायद्याच्या लेखी ती हळद मोंढ्यावर गेली, तिचे माप झाले, तुमच्या नावाची पट्टी फाटली, आणि त्याच पैशातून तुम्ही तिथेच बेणे विकत घेतले. पैसा आडत्याच्या पेटीतून बाहेर पडलाच नाही, हे खरे. पण पट्टी तुमच्या नावाची आहे, आणि कर पट्टीवर आहे.

जुन्या सावकारी वह्यांत व्याज मुद्दलात चढवायची रीत दिसते. कुळाने व्याज दिले नाही तर सावकार ते मुद्दलात मिळवी. पैसा कुणाच्याच हातातून कुणाच्या हातात गेलेला नसे, तरी वहीत दोन गोष्टी एकाच दिवशी घडत : व्याज पोचले, आणि तेवढे नवे कर्ज दिले. पुनर्गुंतवणूकही अशीच दोन नोंदींची आहे. पहिली उत्पन्नाची, दुसरी खरेदीची. या लेखात पुढे जे काही आहे, ते या दोन नोंदींतूनच निघते. पहिली नोंद विसरली तर खात्याची नोटीस येते. दुसरी विसरली तर कुणीच काही म्हणत नाही. आपण मुकाट्याने एकाच पैशावर दोनदा कर भरतो.

मुंबईचा एक जुना खटला

पहिल्या नोंदीमागचे तत्त्व मुंबईच्या एका जुन्या खटल्यातून नीट कळते. सितलदास तीर्थदास नावाचे मुंबईचे गृहस्थ. घरभाडे, शेअर, ठेवी यांचे उत्पन्न. पत्नी आणि मुलांना पोटगी द्यावी, असा न्यायालयाचा हुकूम त्यांच्यावर झाला होता. त्यांचे म्हणणे असे, की हा पैसा मला द्यावाच लागतो, मग तो माझे उत्पन्न कसा? मुंबई उच्च न्यायालयाला ते पटले. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९६० मध्ये ते फिरवले. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती हिदायतुल्ला पूर्वी नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. त्यांनी घालून दिलेली कसोटी आजही वापरली जाते. पैसा तुमच्यापर्यंत पोचण्याआधीच दुसऱ्याच्या हक्काने वळला असेल, तर तो तुमचा नाही. पण तुमचा होऊन मग कुठे गेला असेल, तर तो तुम्ही केलेला विनियोग. मग तो स्वखुशीने केलेला असो की न्यायालयाच्या हुकमाने.

न्यायालयाच्या हुकमाने दिलेली पोटगीसुद्धा विनियोग ठरत असेल, तर आपल्याच सहीच्या अर्जावर आपणच केलेल्या खुणेने गुंतवलेला पैसा विनियोगच ठरणार. वहिनींना मी एवढेच म्हटले, "कायदा हात पाहत नाही, हक्क पाहतो. दादांची खूण म्हणजे दादांचा हुकूम." म्युच्युअल फंडाच्या वाटपावर टीडीएस कापायचे, १९६१ च्या कायद्यातले १९४ के हे कलमही हाच विचार धरून होते : रक्कम खात्यात जमा दाखवणे किंवा प्रत्यक्ष देणे, यांतले जे आधी घडेल तेव्हा कर कापायचा.

खळ्यावरचा कर आणि घरातला कर

मग दादांनी ही चौकट निवडलीच का? त्यांना कळत नव्हते म्हणून नव्हे. निवडली तेव्हा ती वावगी नव्हती.

युनिट ट्रस्टचा कारभार १९६४ साली सुरू झाला आणि त्याच्या पहिल्या योजनेची युनिट्स दहा रुपये दर्शनी किमतीने निघाली. वाटप परत युनिट्समध्येच घालायची सोय साठच्या दशकातच आली. मास्तर, तलाठी, बँकेतले कारकून यांच्या घरांत 'युनिटचे पैसे राहू द्या' ही सवय तिथून रुजली. नंतर कर कुठे घ्यायचा, यावर सरकारची मते बदलत राहिली. खळ्यावर रास पडली की तिथेच हिस्सा काढून घ्यायचा, की धान्य घरात आल्यावर मागायचा, तसला हा वाद. १९९९ पासून युनिटधारकाच्या हातातले वाटप करमुक्त झाले आणि कर फंडाने भरायचा ठरला. शेअर-प्रधान फंडांना त्यातूनही सूट होती. २००२ च्या अर्थसंकल्पाने कर पुन्हा धारकाकडे आणला, २००३ ने परत फंडाकडे नेला. एप्रिल २०१८ पासून शेअर-प्रधान फंडांच्या वाटपावरही १० टक्के कर बसला, पण तो फंडच भरी. म्हणजे २०१९ मध्ये दादांना कुणी 'हातात पडेल ते करमुक्त' असे सांगितले असेल, तर ते खोटे नव्हते.

१ एप्रिल २०२० ला कर खळ्यावरून घरात आला. तेव्हापासून वाटप हे धारकाचे साधे उत्पन्न. ते इतर उत्पन्नात मिळवायचे आणि आपापल्या टप्प्याप्रमाणे कर भरायचा. एका फंड घराण्याकडून वर्षभरात ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त वाटप झाले तर १० टक्के टीडीएस कापला जातो. ही मर्यादा आधी ५,००० रुपये होती, १ एप्रिल २०२५ पासून १०,००० झाली. पॅन दिलेला नसेल तर कपात २० टक्के.

कायदा बदलला, पिशवीतला अर्ज तसाच राहिला. ही गोष्ट साखऱ्यातल्या एका घराची नाही. वीस-पंचवीस वर्षांत ज्यांनी ज्यांनी ती तिसरी चौकट निवडली आणि पुन्हा कागद उघडला नाही, त्या सर्वांची आहे.

युनिट्स वाढली, पैसा घटला

आता त्या वाटपाच्या रात्री नेमके काय घडते ते पाहू. समजा १०,००० युनिट्स आहेत आणि एका युनिटचा भाव २० रुपये आहे. एकूण २,००,००० रुपये. फंडाने युनिटमागे २ रुपये वाटप जाहीर केले, म्हणजे २०,००० रुपये. हे पैसे बाहेरून येत नाहीत. त्याच राशीतून निघतात. म्हणून वाटपानंतर भाव १८ रुपयांवर येतो. २०,००० पैकी २,००० टीडीएस गेला. उरलेल्या १८,००० ची १८ रुपयांच्या भावाने १,००० युनिट्स आली. पत्रक सांगते : युनिट्स १०,००० होती, आता ११,०००. वाचणारा खूश. पण ११,००० गुणिले १८ म्हणजे १,९८,००० रुपये. शेजारच्याने त्याच फंडात वाढीची चौकट निवडली असती, तर त्याचे २,००,००० तसेच असते आणि विकेपर्यंत त्याला कर नसता.

२,००० रुपये कायमचे गेले असे नाही. टीडीएस हा आगाऊ भरलेला कर आहे. देणे कमी निघाले तर विवरणपत्र भरून परत मिळतो. वहिनींचे कौटुंबिक निवृत्तिवेतन आणि बँकेचे व्याज मिळून साडेपाच लाखांच्या आसपास. त्यात हे ५०,००० मिळवले तरी नव्या करपद्धतीत २०२४-२५ साठी असलेल्या सात लाखांच्या मर्यादेत त्या बसत होत्या. कर शून्य, आणि कापलेले ५,००० परत मिळणारे. विवरणपत्र भरले नाही, तर मात्र ते तिथेच राहतात. साठीच्या पुढच्या ज्या माणसांचा कर शून्य निघणार असतो, त्यांनी १९६१ च्या कायद्याखाली वर्षाच्या सुरुवातीलाच फंडाकडे १५ एच अर्ज दिला तर कपातच होत नसे. साठीच्या आतल्यांसाठी १५ जी होता, पण त्याच्या अटी जास्त कडक होत्या.

शेतकरी वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. हळदीचे, सोयाबीनचे उत्पन्न आयकरातून मुक्त आहे. पण बाकीचे उत्पन्न मूळ करमुक्त मर्यादेच्या वर गेले आणि शेतीचे ५,००० रुपयांहून जास्त असले, तर दर ठरवण्यापुरते शेतीचे उत्पन्न मोजणीत धरतात. हातात न आलेले वाटपही त्या 'बाकीच्या उत्पन्नात' येते, हे ध्यानात ठेवावे.

जे नाव बदलले, जे बदलले नाही

वरच्या उदाहरणात एक अन्याय दडलेला आहे. ज्या माणसाने आदल्या महिन्यात २० रुपयांनी युनिट्स घेतली, त्याला मिळालेले २ रुपये हा नफा नाही. त्याचेच मुद्दल त्याला परत आले. तरी सगळे २०,००० उत्पन्न धरले जातात. त्याने सगळी युनिट्स लगेच विकली, तर त्याची खरेदी २,१८,००० आणि विक्री १,९८,००० ठरून २०,००० रुपयांचा भांडवली तोटा दिसतो. हिशेब कागदावर जुळला. पण भांडवली तोटा भांडवली नफ्यातूनच वजा होतो, लाभांशातून नाही. दुसरा नफा नसेल तर तो तोटा आठ वर्षे पुढे ओढत न्यायचा आणि वाट पाहायची.

'लाभांश' हा शब्दच फसवा आहे, हे सेबीने ओळखले. ५ ऑक्टोबर २०२० च्या परिपत्रकाने, १ एप्रिल २०२१ पासून, या पर्यायांचे नाव बदलून 'इन्कम डिस्ट्रिब्युशन कम कॅपिटल विड्रॉवल' असे लांबलचक करायला लावले. म्हणजे उत्पन्नाचे वाटप आणि त्यासोबत भांडवलाची उचल. नाव खरे बोलू लागले. कर मात्र सगळ्या रकमेवर उत्पन्न म्हणूनच राहिला. माझ्या मते या व्यवस्थेतली खरी उणीव हीच आहे. न आलेल्या पैशावर कर, हे तत्त्व मला पटते. आपल्याच मुद्दलाला उत्पन्न म्हणणे पटत नाही.

परदेशातल्या मराठी कुटुंबांना हे नवे नाही. अमेरिकेत फंडांना करसवलत टिकवण्यासाठी बहुतेक सगळे उत्पन्न दरवर्षी वाटावेच लागते, आणि ते परत गुंतवले तरी कर लागतो. ब्रिटनमध्ये तर उत्पन्न आतच साठवणाऱ्या युनिट्सवरही, वाटप झाले असे मानून, दरवर्षी कर धरतात. त्या मानाने आपल्याकडची वाढीची चौकट ही मोठी मोकळीक आहे. दोन चौकटींत शेअर तेच, व्यवस्थापक तोच. फरक एका खुणेचा.

विसरलेली दुसरी नोंद

आता दुसरी नोंद. वहिनींना घराच्या कामासाठी त्या वर्षी सगळी युनिट्स विकायची होती. त्यांची किंमत सुमारे १०,००,००० रुपये. त्यांच्या भाच्याने हिशेब मांडून ठेवला होता : १०,००,००० वजा दादांनी भरलेले ५,००,०००, नफा ५,००,०००. शेअर-प्रधान फंडाच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यात १,२५,००० पर्यंत कर नाही. उरलेल्या ३,७५,००० वर १२.५ टक्के, म्हणजे ४६,८७५ रुपये.

मी दादांची पत्रके तारखेने लावली. पहिली दोन वर्षे वाटप नव्हते. २०२१ ते २०२४ या चार वर्षांत दर ऑगस्टला सुमारे ५०,००० चे वाटप, त्यातून ५,००० टीडीएस, आणि ४५,००० ची नवी युनिट्स. (आकडे सोपे केले आहेत; दर खरेदीवर ०.००५ टक्का मुद्रांक शुल्कही असते, ते दोन-सव्वादोन रुपयांचे.) चार वेळा ४५,००० म्हणजे १,८०,००० रुपये. ही खरेदी आहे. यावरचा हिशेब उत्पन्न म्हणून त्या त्या वर्षी होऊन गेलेला आहे. म्हणून एकूण खरेदी ६,८०,०००, नफा ३,२०,०००, सवलत वजा जाता १,९५,०००, आणि कर २४,३७५ रुपये. उपकर दोन्हीकडे वेगळा. फरक २२,५०० रुपयांचा. दुसरी नोंद विसरण्याची किंमत एवढी.

हे माझ्या लगेच लक्षात आले, कारण काही वर्षांपूर्वी मी स्वतःच हे केले होते. वडिलांची युनिट्स विकली तेव्हा त्यांच्या पहिल्या धनादेशाची रक्कम तेवढी खरेदी म्हणून लिहिली. पुढे जुनी पत्रके चाळताना चूक सापडली, तोवर सुधारित विवरणपत्राची मुदत टळली होती. चूक माझी होती. कुणी फसवले नव्हते.

या हिशेबात काही गोष्टी पाळाव्या लागतात. प्रत्येक पुनर्गुंतवणुकीची तारीख वेगळी, म्हणून तिची मुदतही वेगळी मोजायची. शेअर-प्रधान फंडात बारा महिने उलटले की नफा दीर्घ मुदतीचा. त्याआधी विकले तर २० टक्के. वहिनींची शेवटची युनिट्स ऑगस्ट २०२४ ची, म्हणून सगळीच वर्ष ओलांडून गेली होती. थोडीच युनिट्स विकली तर आधी आलेली आधी गेली असे धरतात. २०२० च्या आधीचे वाटप हातात करमुक्त होते, तरी त्यातून घेतलेली युनिट्सही खरेदीच. ती रक्कमही धरायची. ३१ जानेवारी २०१८ च्या आधीच्या युनिट्सना त्या दिवसाच्या भावाचा आधार घेता येतो. बोनस युनिट्सचा नियम मात्र उलटा आहे : त्यांची खरेदी शून्य. आणि १ एप्रिल २०२३ नंतर रोख्यांच्या फंडात घातलेल्या पैशाला मुदतीचा लाभच नाही. नफा साध्या उत्पन्नासारखा टप्प्याप्रमाणे.

वारसाने आलेल्या युनिट्सबाबत कायदा उदार आहे. मूळ मालकाची खरेदी ती वारसाची खरेदी, आणि त्याची मुदतही वारसाला लागू. अडचण कागदाची असते. वहिनींच्या नावाच्या नव्या खात्यात युनिट्स २०२३ मध्ये एकदम आलेली दिसत होती. त्यांच्यामागची दादांची दोन वर्षांची पुनर्गुंतवणूक तिथे नव्हती. म्हणून मूळ खात्याचे पहिल्या दिवसापासूनचे पत्रक मागून घ्यावे. कॅम्स किंवा केफिनटेक या नोंदणी संस्थांकडे बहुतेक फंडांच्या नोंदी असतात.

आता मागाहून चौकट बदलावी का, हे वहिनींनी विचारले नाही, पण वाचक विचारतील. बदलता येते. मात्र पुनर्गुंतवणुकीतून वाढीत जाणे ही कायद्याने विक्रीच आहे. त्या दिवशीचा नफा मोजावा लागतो. तोही आधी ही दुसरी नोंद धरून. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी २०२५ चा आयकर कायदा आहे, त्यात कलमांचे आकडे बदलले आहेत. दोन नोंदी ठेवायची सवय मात्र त्यातही लागतेच.

निघायच्या आधी वहिनींनी नातवाची कोरी वही आणली आणि पट्टीने रेघा मारल्या. पाच रकाने : तारीख, वाटप, टीडीएस, गुंतवलेली रक्कम, युनिट्स. पहिल्या चार ओळी आम्ही पत्रकांवरून बसून भरल्या. मग त्यांनी बेरीज केली, पुन्हा केली, आणि १,८०,००० खाली दोन रेघा ओढल्या. बाहेर पाऊस तसाच होता. भाच्याचा कागद त्यांनी घडी करून पिशवीत परत ठेवला आणि वही त्याच्यावर ठेवली.